विषण्णता : स्वरूप आणि उपचार

दुःख आणि विषण्णता या दोन अवस्थांत भेद आहे. जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, नोकरी सुटली, तर मन खिन्न होणे स्वाभाविकच होय. ही खिन्नता बहुधा काळानुसार ओसरते. मधूनच माणूस हसतो, नातवंडाला मांडीवर घेतो, घासभर अन्न गोड लागते. ज्या विकाराला डॉक्टर 'डिप्रेशन' म्हणतात, त्या विषण्णतेत असे घडत नाही. मनावरचे मळभ जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकून राहते. पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यात ती उरत नाही. ही अवस्था निदान दोन आठवडे टिकली आणि तिच्या जोडीला झोप, भूक, शक्ती व एकाग्रता बिघडली, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत असे वाटू लागले, तर तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तथापि, आपल्या देशात असा रुग्ण 'मी दुःखी आहे' असे सांगत दवाखान्यात क्वचितच येतो. अंग दुखते, डोके जड वाटते, छातीत धडधडते, पहाटे तीनलाच जाग येते, अशी त्याची तक्रार असते. तपासणीत काही आढळत नाही आणि टॉनिक किंवा झोपेच्या गोळ्या यांवर त्याची बोळवण होते. या तक्रारी खोट्या नसतात. भावनांचे नियमन करणारा मेंदूच झोप, भूक आणि वेदनेची जाणीव यांचेही नियमन करतो. म्हणून मनाचा विकार शरीराच्या भाषेत बोलतो. उलटपक्षी, थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यानेही विषण्णतेसारखी लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे शारीरिक तपासणी टाळून चालत नाही.

2015-16 मध्ये बंगलोरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. विषण्णता, चिंताविकार यांसारखे सामान्य मानसिक विकार असलेल्या दर 100 व्यक्तींपैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नव्हते, असे तीत दिसून आले. उपचार उपलब्ध असतानाही ही स्थिती असावी, हे चिंताजनक आहे.

उपचारांचे मुख्य मार्ग दोन. पहिला औषधांचा. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी 1957 मध्ये इमिप्रामीन या औषधाचा विषण्णतेवरील गुण प्रसिद्ध केला. पुढे फ्लुऑक्सेटीनसारखी अधिक सुसह्य औषधे आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मळमळ, तोंडाला कोरड असे त्रास पहिल्या काही दिवसांतच जाणवतात, परंतु गुण स्पष्ट दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. 'औषध लागू पडत नाही' म्हणून अनेक रुग्ण नेमके याच काळात ते सोडतात. बरे वाटू लागल्यावरही सामान्यतः सहा महिने तरी औषध चालू ठेवावे लागते, आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात.

दुसरा मार्ग संवादाचा. विषण्ण माणूस कामे सोडतो, माणसे टाळतो; त्यामुळे आनंदाचे उरलेसुरले प्रसंगही दुरावतात आणि विषण्णता वाढते. हे चक्र छोट्या, ठरवून केलेल्या कृतींनी तोडता येते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत हेच साधले. नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळालेले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. सौम्य आजारात केवळ असा संवादोपचार पुरेसा होऊ शकतो. तीव्र आजारात बहुधा दोन्हींची जोड लागते.

'मन घट्ट कर' हा घरच्यांचा उपदेश प्रेमापोटी असला, तरी रुग्णाच्या अपराधीपणात भरच घालतो. त्याऐवजी त्याचे ऐकून घ्यावे, त्याच्यासोबत दवाखान्यात जावे, औषधाच्या वेळा सांभाळाव्यात. जगणे नकोसे झाले आहे का, असे सरळ विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट रुग्णाला मन मोकळे करता येते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर 2022 पासून शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांकही रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

बहुसंख्य रुग्ण योग्य उपचारांनी बरे होतात. हा आजार पुन्हा उद्भवू शकतो हे खरे; पण त्याची पहिली चिन्हे ओळखणारे एखादे माणूस घरात असले, तर उपचार वेळेवर सुरू होतात.