पॅकेट कुठवर पोचलं?

चि. सोनूस,


तुझा निरोप मिळाला. आधी लॅबमधल्या व्हीएमना गेटवे सापडत नव्हता, पण त्यांच्यातून होस्ट पिंग होत होता. मग तू होस्टची नेटवर्क सेवा रीस्टार्ट केलीस आणि आता व्हीएमना होस्टही दिसेनासा झाला. होस्ट स्वतः मात्र बाहेरच्या जगाशी नीट बोलतो आहे. घाबरू नकोस. तुझ्यासमोर आता दोन वेगळे बिघाड आहेत, एकावर एक बसलेले. दुसरा रीस्टार्टमुळे आला, म्हणून आधी तो सोडवू.

व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचं दुसरं टोक होस्टवर व्हीनेट०, व्हीनेट१ अशा नावांनी उभं असतं आणि ही टोकं ब्रिजला जोडलेली असतात. सेवा रीस्टार्ट झाली की बऱ्याचदा जुना ब्रिज मोडून नवा बांधला जातो. बाहेरचं कार्ड त्याला पुन्हा जोडलं जातं, कारण कॉन्फिग फाइलमध्ये तसं लिहिलेलं असतं. व्हीनेटचं नाव त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. व्हीएम सुरू होताना लिबव्हर्टने ते जोडलेले असतात. म्हणून ते सुटे राहतात. 'ब्रिज लिंक' ही आज्ञा दे. यादीत फक्त बाहेरचं कार्ड दिसलं तर हेच झालंय असं समज. मग 'आयपी लिंक सेट' वापरून प्रत्येक व्हीनेटला ब्रिज मास्टर म्हणून दे. एकही व्हीएम बंद करावी लागणार नाही.

यानंतर तू मूळ दुखण्यापाशी परत येशील. इथून पुढे माझं एक ऐक: पॅकेट नेमकं कुठवर पोचलं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. 'नेटवर्क बंद आहे' ही तक्रार झाली, निदान नव्हे. कोणाकडून कोणाकडे, कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर जात नाही, हे आधी कागदावर उतरव. मग व्हीएममधून गेटवेला पिंग चालू ठेव आणि होस्टवर टीसीपीडंप दोन ठिकाणी लाव, एक त्या व्हीएमच्या व्हीनेटवर आणि एक बाहेरच्या कार्डावर.

यात एक बारकावा आहे. टीसीपीडंप आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहतं आणि बाहेर जाणारं फायरवॉलच्या नंतर. म्हणजे पॅकेट व्हीनेटवर दिसलं आणि बाहेरच्या कार्डावर दिसलं नाही, तर ते होस्टच्या आतच हरवलं. अशा वेळी केबल आणि स्विच यांच्यावर वेळ घालवू नकोस. उलट बाहेरच्या कार्डावर विनंती दिसते पण उत्तर येत नाही, असं असेल तर स्विचच्या पोर्टकडे बघ. त्या पोर्टवर तुझ्या व्हीएमचा व्हीलॅन पोचतो का, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचार, आणि विचारताना हातात टीसीपीडंपचा पुरावा असू दे.

तू लिहिलंस की गेल्या आठवड्यात कोणीतरी त्याच होस्टवर डॉकर बसवलं. माझा संशय तिथेच आहे. २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून डॉकर आयपी फॉरवर्डिंग सुरू करताना आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण 'ड्रॉप' करतं. एरवी ब्रिजवरून जाणाऱ्या फ्रेमचा आयपीटेबल्सशी काही संबंध नसतो. पण 'बीआर नेटफिल्टर' हे मॉड्यूल कर्नलमध्ये आलं की ब्रिजवरची आयपी पॅकेटंसुद्धा त्याच साखळीतून जाऊ लागतात आणि परवानगी नसेल तर तिथेच टाकली जातात. लॉगमध्ये ओळ नाही, पडद्यावर चूक नाही.

तरीही खूण सापडते. एआरपी या साखळीतून जात नाही. म्हणून व्हीएममधून गेटवेचा मॅक पत्ता सापडतो, 'आयपी नेबर' मध्ये तो नीट दिसतो, पण पिंगला उत्तर येत नाही. ब्रिजच तुटला असता तर एआरपीही मेला असता. होस्ट का पिंग होत होता, तेही यातून उलगडतं: होस्टसाठी आलेलं पॅकेट इनपुट साखळीत जातं, फॉरवर्डमध्ये नाही. तेव्हा एकदा मॉड्यूल लोड झालंय का बघ आणि फॉरवर्ड साखळीचे काउंटर दोनदा वाच. पिंग चालू असताना ड्रॉपचा आकडा त्याच चालीने वाढत असेल तर निदान पक्कं.

उपाय म्हणून 'डॉकर-यूझर' साखळीत ब्रिजमधून ब्रिजमध्ये जाणाऱ्या रहदारीला परवानगी देणारा नियम घाल. डॉकर पुन्हा सुरू झालं तरी ते ती साखळी मोडत नाही. मात्र होस्ट रीबूट झाल्यावर नियम टिकावा, याची सोय तुला करावी लागेल. ब्रिजवरचं फिल्टरिंग सिस-सीटीएलमधून बंद करण्याचा सल्लाही तुला कोणी देईल. तो या होस्टवर घेऊ नकोस, कारण कंटेनर एकमेकांपासून वेगळे ठेवायला डॉकरला ते लागू शकतं. खरं तर व्हीएम चालवणाऱ्या होस्टवर दुसरं काहीच बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. डॉकर हवं असेल तर ते एखाद्या व्हीएमच्या आत चालवा. हे तुझ्या वरिष्ठांना स्पष्ट सांग.

पिंग चालला म्हणजे सगळं चाललं असंही धरू नकोस. १९८३ साली माइक मूस यांनी लिहिलेला हा प्रोग्राम अजून पहिला आधार आहे, पण त्याचं नेहमीचं पॅकेट फार लहान असतं. एसएसएच जोडतं आणि मोठी फाइल पाठवताना अडतं, असं दिसलं तर एमटीयू तपास. पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटांचा पिंग पाठव. त्यात हेडरचे २८ मिळाले की १५०० होतात. मध्ये व्हीएक्सलॅन असेल तर त्याचे ५० बाइट जातात आणि आतल्या व्हीएमला १४५० वरच थांबावं लागतं.

पुढे कधी क्लोन केलेल्या दोन व्हीएमना एकच आयपी मिळत असेल तर मॅक पत्त्याबरोबर मशीन-आयडीही बघ. पुष्कळ जण तो बदलायला विसरतात.

आणि दुरून काम करताना जपून. होस्टचं नेटवर्क एसएसएचवरून बदलायचं असेल तर आधी आयपीएमआयचं कन्सोल उघडून लॉगिन करून ठेव. नेटप्लॅनचा 'ट्राय' पुष्टी मिळाली नाही तर १२० सेकंदांनी जुनी मांडणी परत आणतो, पण ब्रिज आणि बॉन्डच्या खास सेटिंग्ज त्याला परत फिरवता येत नाहीत. तुझ्या होस्टवर ब्रिज आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नकोस. एका वेळी एकच बदल कर आणि तो वेळेसकट वहीत लिही. उपयोग झाला नाही तर तो आधी मागे घे, मगच पुढचा कर. विद्यार्थी खोळंबले आहेत म्हणून चार बदल एकदम करशील तर कशाने सुटलं हे तुलाही कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होईल.

आज संध्याकाळी व्हीनेट जोडून घे. मग फॉरवर्ड साखळीचे काउंटर आणि दोन्ही टीसीपीडंपचे निकाल मला पाठव. ते पाहिल्याशिवाय नियम घालू नकोस. रात्री दहापर्यंत मी जागा आहे, फोन कर.

तुझा,
मामा