कांडी कोळसा : पेठ तालुक्यात प्रशिक्षण घेताना



पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा तयार करण्याचे प्रात्यक्षिक आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. पिंप पेटते, काळी भुकटी निघते, साच्यातून कांड्या पडतात आणि मंडळी समाधानाने घरी जातात. पुढच्या वर्षी पाहावे तर साचा गंजत पडलेला असतो. कांडी पाडणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे तो कच्च्या मालाचा, मजुरीचा आणि विक्रीचा हिशेब, आणि नेमका तोच प्रशिक्षणात राहून जातो.

आपल्या राज्यात या तंत्राचा चांगला दाखला उसाच्या पाचटाचा आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. बंद पिंपांत पाचट तापविल्यावर जो वायू निघतो, तोच भट्टीत जळून पुढील उष्णता देतो. या कामासाठी संस्थेला 2002 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. उसाच्या शेतात हेक्टरी सुमारे 10 टन पाचट एकाच जागी पडते, जनावरे ते आवडीने खात नाहीत आणि बरेच शेतकरी ते जाळून टाकतात. तेव्हा तेथे कच्च्या मालाचा प्रश्न नाही.

पेठचे तसे नाही. भाताचा पेंढा आणि नागलीचे काड गुरांना लागते. शेण, पाला व फांद्या भात-नागलीच्या राबासाठी जातात. गटाने शिवारातला पाला गोळा करून कोळसा केला, तर राबासाठी ऐनाच्या झाडांवर आणखी कोयते चालतील. जंगलातील पाचोळा झाडून आणणे तर त्याहून वाईट, कारण डोंगरउतारावरील माती मुसळधार पावसात धरून ठेवण्यास त्या पाचोळ्याची मदत होते. जंगल वाचविण्यासाठी घेतलेला उद्योग जंगलाच्याच मुळावर येऊ नये, ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

मग कोळसा कशाचा करावा? आमच्या मते सुरुवात घाणेरीपासून करावी. हिलाच काही भागांत टणटणी म्हणतात. बाहेरून आलेले हे झुडूप गायरानात व जंगलाच्या कडेला माजते, खाली गवत वाढू देत नाही आणि गुरांना विषारी असते. राबाला व चाऱ्याला धक्का न लागता ते मिळते. फळे पिकण्यापूर्वी मुळाच्या गड्ड्यासह काढावे. वरून छाटल्यास पुन्हा फुटते. जागा वनजमिनीची असल्यास ग्रामसभेचा ठराव व वनविभागाची लेखी संमती आधी घ्यावी. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेच्या ठरावाला येथे वजन आहे. घाणेरीच्या जोडीला आंब्याच्या बागेतील छाटणीच्या बारीक काटक्या चालतील. जाड लाकूड व तुरकाठ्या मात्र चुलीत सरळ जळतात. त्यांचा कोळसा करून अर्धी उष्णता का घालवावी?

कृती थोडक्यात अशी. 200 लिटरचे लोखंडी पिंप घ्यावे, परंतु त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन असता कामा नये. तळाला भोके पाडावीत. वाळलेले तुकडे दाबून भरावेत, वरून पेटवावे व धुराडे असलेले झाकण ठेवावे. दाट पांढरा धूर विरळ होऊन तळाच्या भोकांतून निखारा दिसू लागला की पिंप ओल्या मातीवर बसवावे आणि झाकणाच्या फटी चिखलाने लिंपाव्यात. पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये, कारण हवा लागताच कोळसा पुन्हा पेटतो. चैत्र-वैशाखात हे काम झाडाझुडपांपासून दूर, जागा साफ करून व पाणी जवळ ठेवूनच करावे.

वाळलेल्या 100 किलो मालापासून साधारण 20 ते 30 किलो कोळसा मिळतो. तो कुटून चाळावा. 10 किलो भुकटीस अर्धा ते पाऊण किलो पिठाची शिजवलेली खळ लागते. घरचे नागलीचे पीठ यात घालू नये. गिरणीतील झाडणीचे पीठ पुरते. मुठीत दाबलेला गोळा फुटला नाही, म्हणजे मिश्रण जमले. कांड्या पहिला दिवस सावलीत ठेवाव्यात, नंतर कडक उन्हात वाळवाव्यात. माती जास्त मिसळल्यास कांडी घट्ट होते, पण राख वाढते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आता हिशेब. समजा तीन भगिनींनी दोन दिवस खपून वाळल्यावर 100 किलो भरेल इतकी घाणेरी तोडली, ती जाळली आणि त्यातून 25 किलो कांडी कोळसा केला. म्हणजे सहा रोजांत 25 किलो, एका रोजाला जेमतेम चार किलो. या चार किलोंची किंमत द्राक्षबागेतील एका रोजाइतकी होते का, हे प्रत्येक गटाने स्वतःच्या वहीत मांडून पाहावे. दिवाळीनंतर पेठची माणसे गिरणारेच्या मजूर बाजारात जातात, आणि कांड्या वाळविण्याचा हंगामही नेमका तोच असतो. चार पिंपे आळीपाळीने चालविल्यास व हाताच्या साच्याऐवजी फिरकीचे यंत्र वापरल्यास रोजाचे उत्पादन बरेच वाढते. तरीही मजुरी सुटत नसेल, तर विक्रीचा विचार सोडून घरच्या शेगडीपुरताच कोळसा करावा. त्यातही लाकूडफाट्याची खेप वाचते, हा फायदा लहान नाही.

विक्री करावयाची असल्यास माल तयार करण्यापूर्वी नाशिकचे इस्त्रीवाले, तंदूरवाले व चहाच्या टपऱ्या यांना दोन-दोन किलो नमुना द्यावा. कांडी कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून न फुटल्यासच पाठवावी. औष्णिक वीज केंद्रांना जैवइंधन लागते हे खरे, परंतु ती मागणी टनांची व यंत्रावरील पेलेटची असते. गटाने त्या भरवशावर कर्ज काढू नये.

कांडी कोळसा बंद खोलीत पेटवू नये. धूर दिसत नसला तरी त्यातून विषारी वायू निघतो व झोपेत जीव जाऊ शकतो. ही सूचना पिशवीवर चिकटवावी.

मे अखेर काम थांबवून माल गोणीत भरावा आणि जमिनीपासून उंच, माळ्यावर ठेवावा. श्रावणात ओली लाकडे पेटत नाहीत, तेव्हा गावातच गिऱ्हाईक मिळते व नाशिकचे वाहनभाडेही लागत नाही.