परसातील कोंबड्यांचे पाणी : दान नव्हे, हक्क

पाणी जमिनीत खोल उतरून गेले तर ते पुन्हा कोण आणून देईल, असा प्रश्न पवित्र कुरआनच्या अल-मुल्क या अध्यायाच्या शेवटच्या आयतीत मानवाला विचारला गेला आहे. मराठवाड्यातील वाचकाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नायगाव परिसरातही उन्हाळा कडक झाला, बोअर आटू लागली, की घरातील प्रत्येक हंड्याचा हिशेब सुरू होतो. त्या हिशेबात माणसे असतात, म्हैस-शेळी असते; परसातल्या आठ-दहा कोंबड्या मात्र बहुधा राहून जातात. म्हैस हंबरते, शेळी ओरडते. तहानलेली कोंबडी सावलीत चोच उघडून मुकाट बसते. या मूक तहानेविषयी आपला धर्म काय शिकवतो, ते आज पाहू.

दोन हदीसी आणि त्यांतील फरक

ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. एक प्रवासी विहिरीत उतरून पाणी प्याला. वर येताच त्याला तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा दिसला. तो पुन्हा विहिरीत उतरला, पायातील मोजा पाण्याने भरून दातांत धरला आणि वर येऊन त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर करून त्याला क्षमा केली. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत पुण्य आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या प्रसंगी स्पष्ट केले. (बुखारी, मुस्लिम)

दुसरी हदीस ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनातून आली आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला अन्नपाणी दिले नाही, आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. (बुखारी, मुस्लिम)

या दोन्हींतील फरक ध्यानात घ्या. तो कुत्रा त्या प्रवाशाचा नव्हता. त्याने दिले ते औदार्य होते. मांजर मात्र त्या स्त्रीच्या ताब्यात होते. तिने नाकारला तो हक्क होता. आपण पाळलेल्या कोंबड्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

कोणी म्हणेल, “आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्याच असतात.” पावसाळ्यात हे म्हणणे खरे आहे, डबकी भरलेली असतात, ओलाव्यात किडे मिळतात. पण मे महिन्यात नाला कोरडा, डबके कोरडे. अशा वेळी खुराड्याचे दार उघडे असले तरी कोंबडीला जाण्यासाठी पाणीच उरत नाही. ती मोकळी दिसते, प्रत्यक्षात कोंडलेलीच असते.

इस्लामी कायद्याचे विद्वान इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी जनावरांच्या हक्कांमध्ये असे नमूद केले आहे की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्या पोषणाची जबाबदारी मालकावरून उतरत नाही. म्हणजेच अंडी देणे थांबवलेल्या कोंबडीचाही पाण्यावर तेवढाच हक्क आहे.

हा हक्क किती आणि कसा द्यावा?

मोठ्या कोंबडीला एरवी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी लागते. कडक उन्हात ही गरज दुप्पट होऊ शकते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर काढते आणि त्यात तिचे पाणी खर्च होते. अंड्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणीच असतो. म्हणून पाणी चुकले की अंडीही घटतात. दहा कोंबड्यांसाठी मे महिन्यात चार-पाच लिटर, म्हणजे साधारण अर्धी कळशी पाणी पुरते.

पाणी मातीच्या परळात आणि दिवसभर सावली राहील अशा जागी ठेवावे. पत्र्याचे भांडे उन्हात तापते आणि तापलेले पाणी कोंबड्या टाळतात. परळ विटेवर ठेवून त्याचा काठ कोंबडीच्या पाठीइतका उंच करावा, म्हणजे माती आणि विष्ठा आत पडत नाही. पिल्लांचे परळ मात्र उथळ व जमिनीलगत असावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. खुडूक कोंबडी अंड्यांवरून क्वचितच उठते. तिच्याजवळ वेगळे पाणी ठेवावे. भांडे रोज घासावे. बुळबुळीत झालेल्या भांड्यातून रोग पसरतो. दुपारी एकदा पाणी बदलावे.

एक मसला येथे लक्षात ठेवावा. हनफी फिकहनुसार मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे उष्टे पाणी मकरूह आहे, कारण तिची चोच उकिरड्यात गेलेली असू शकते. दुसरे पाणी उपलब्ध असताना त्या पाण्याने वुजू करू नये. म्हणून घरचे पाणी झाकलेले असावे आणि कोंबड्यांचे भांडे वेगळे असावे.

हे पाणी आणायचे कोठून?

टंचाईत हा प्रश्न खराच आहे. त्याचे उत्तरही सुन्नतमध्ये आहे. प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण लिटरमध्ये वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. आपण मात्र नळ सोडून वुजू करतो आणि त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. घरातील चार माणसांनी लोट्याने वुजू केला, तर वाचलेल्या पाण्यात परसातील सर्व कोंबड्यांची तहान भागेल. एकाच कृतीत सुन्नतचे पालन होईल आणि मुक्या जिवाचा हक्कही पोहोचेल.

हे काम घरातील मुलांकडे सोपवावे. फज्रनंतर परळ धुऊन भरणे आणि जुहरच्या वेळी पाणी बदलणे, एवढेच. आपल्या हाती दिलेला जीव ही अमानत आहे, हे त्यांना पुस्तकापेक्षा या परळातून लवकर उमजेल.

अल्लाहने आपल्याला जे पाणी दिले आहे, त्यातील मुक्या जिवांचा वाटा ओळखण्याची आणि तो पोहोचवण्याची सद्बुद्धी तो आपणां सर्वांना देवो. आमीन.