परदेशातील कायम वास्तव्य : गुणांचे गणित

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील :
(१) विद्यार्थी परवाना, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व यांतील भेद सांगणे.
(२) कॅनडाच्या गुणपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
(३) दिलेल्या माहितीवरून अर्जदाराची पात्रता पडताळणे.

मूळ पाठ
परदेशात जाणे आणि परदेशात कायम राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न उमगल्यामुळे काही कुटुंबे शेत गहाण टाकून मुलाला शिक्षणासाठी परदेशी पाठवतात आणि शिक्षण संपताच तो तेथलाच होईल असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात कोणताही देश असे अभिवचन देत नाही. कॅनडाच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

परक्याला देशात घ्यावे की नाही, हे एके काळी त्याच्या वंशावर ठरत असे. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ या जहाजातून ३७६ भारतीय प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. मायदेशाहून अखंड प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश, असा १९०८ चा नियम होता. तो पुढे करून त्यांतील बहुतेकांना दोन महिन्यांनी परत धाडण्यात आले. वंशभेदाचे बहुतेक नियम १९६२ मध्ये दूर झाले आणि १९६७ मध्ये कॅनडाने गुणपद्धती स्वीकारली. आता माणसाचे कूळ नव्हे, तर त्याची योग्यता मोजली जाऊ लागली.

कुशल कामगारांसाठी २०१३ साली सुधारलेला तक्ता १०० गुणांचा आहे. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, निश्चित झालेल्या नोकरीला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १० गुण आहेत. पात्रतेसाठी ६७ गुण लागतात.

एक उदाहरण घेऊ. एका परिचारिकेचे वय ३० वर्षे असून तिला रुग्णालयातील कामाचा ६ वर्षांचा अनुभव आहे. तिची पदवी कॅनडातील पदवीच्या तोडीची ठरली आहे. वयाचे १२, पदवीचे २१ आणि अनुभवाचे १५ मिळून तिचे ४८ गुण होतात. इंग्रजीचे श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चारही कौशल्यांत ती सातव्या पातळीवर असेल, तर प्रत्येकी ४ प्रमाणे १६ गुण मिळून बेरीज ६४ होते. ती अपात्र ठरते. तीच आठव्या पातळीवर पोहोचली, तर प्रत्येकी ५ प्रमाणे २० गुण मिळून बेरीज ६८ होते. ती पात्र ठरते. वय मागे नेता येत नाही. भाषा मात्र अभ्यासाने सुधारता येते.

तथापि पात्रता म्हणजे निवड नव्हे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ पद्धतीत पात्र उमेदवारांची १२०० गुणांच्या आधारे क्रमवारी लावली जाते आणि वरच्या क्रमांकांना अर्जाचे निमंत्रण मिळते. नियमही बदलतात. या क्रमवारीत नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुण मार्च २०२५ मध्ये रद्द झाले. शिवाय कायम वास्तव्य मिळाले, तरी परिचारिकेला तेथे व्यवसाय करण्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

विद्यार्थ्याचा मार्ग निराळा आहे. शिक्षण परवाना तात्पुरता असतो. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर काही काळ काम करण्याचा परवाना मिळू शकतो. त्या काळात किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव मिळवला, तर कॅनडातील अनुभवाच्या वर्गातून दावा करता येतो. शिकत असताना केलेली नोकरी त्यात धरली जात नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच पुढची पायरी तपासणे हिताचे ठरते.

कायम रहिवासी झालेला भारतीय आपले भारतीय पारपत्र राखतो. मात्र त्याला पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. तेथील नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, कारण भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही.

अर्जाचे सरकारी नमुने विनामूल्य मिळतात. शुल्क घेऊन सल्ला देण्याची मुभा वकील व परवानाधारक सल्लागार यांसारख्या अधिकृत व्यक्तींनाच आहे. खोटी कागदपत्रे दिल्याचे उघड झाल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. कागद मध्यस्थाने बनवला, तरी सही अर्जदाराचीच असते. ‘हमखास’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देण्याआधी घरी बसून गुणांची बेरीज करावी. त्या बेरजेला कागद, पेन्सिल आणि थोडा प्रामाणिकपणा पुरेसा असतो.

शब्दार्थ
अभिवचन – दिलेला शब्द
पारपत्र – परदेशप्रवासाचा सरकारी दाखला, पासपोर्ट
मुभा – परवानगी
संपुष्टात येणे – संपणे

स्वाध्याय
१. ‘पात्रता म्हणजे निवड नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.
२. पाठातील परिचारिकेच्या अनुभवाचे १५ ऐवजी १३ गुण झाले, तर आठव्या पातळीवरील इंग्रजी तिला पुरेल काय? बेरीज करून सांगा.
३. कायम रहिवासी आणि नागरिक यांतील भेद चार वाक्यांत लिहा.