लहान मोटार, मोठे इंजिन : एक अभ्यास

नरखेड तालुका म्हटला की डोळ्यांसमोर संत्र्याच्या बागा उभ्या राहतात. संत्री बाजारात न्यायची तर गाडी हवी, आणि गाडी आली की गॅरेज आलेच. असेच एक लहानसे गॅरेज माझा थोरला भाऊ चालवतो. तो दहावीनंतर शिकला नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनावर का लिहावे, असे कुणास वाटेल, म्हणून कारण आधी सांगते.

दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक जुनी मारुती ८०० घेऊन आले. "हिला टर्बो बसवून द्या, नाही तर मोठं इंजिन टाका," असे त्याचे म्हणणे. मजुरी चांगली होती. दुकानाचे पत्रे गळतात. तेवढ्या पैशांत ते बदलून झाले असते. रात्री दादा मला म्हणाला, "तू कॉलेजात शिकतेस ना, मंग हे काय प्रकरण हाय ते वाचून सांग. नाही म्हणाचं तं कायच्या जोरावर म्हणू?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा लेख.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वास्तविक ते हवेवरही तितकेच चालते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर १५०० श्वास, म्हणजे जास्तीत जास्त ११९४ लिटर हवा. यापेक्षा अधिक हवा ते स्वतःहून ओढू शकत नाही. त्यात आपल्याकडचा वैशाख! १५ अंशांवरची हवा ४५ अंशांवर गेली की सुमारे ९ टक्के विरळ होते.

येथेच टर्बोचार्जर उपयोगी पडतो. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. १९८७ साली जपानमध्ये सुझुकीने आल्टो वर्क्स ही छोटी मोटार काढली. तिचे इंजिन अवघे ५४३ घन सेंटिमीटरचे, पण टर्बोमुळे ६४ अश्वशक्तीचे. आपल्या मारुती ८०० ची शक्ती चाळिशीच्याही आत होती.

मग दादाने टर्बो का बसवू नये? कारण दाबलेली हवा तापते. सिलिंडरात ती आणखी दाबली गेली की ठिणगी पडून सुरू झालेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. इंजिन टकटक वाजू लागते. मिस्त्री लोक याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते. म्हणून कारखान्यात टर्बोबरोबर पिस्टन, हवा थंड करणारा इंटरकूलर, तेलाचा पुरवठा, पेट्रोलचे प्रमाण या सर्वांचा एकत्र विचार केलेला असतो. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ११९७ घन सेंटिमीटरमध्ये १०५ अश्वशक्ती देत असे. पण ते इंजिन मुळातच टर्बोसाठी घडवलेले होते. भंगारातून आणलेला टर्बो जुन्या इंजिनाला जोडणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पळवणे होय.

दुसरा मार्ग इंजिन बदलण्याचा. तो आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी १०८९ घन सेंटिमीटरच्या फियाट इंजिनावर धावत असे. याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली. तिचा सांगाडा फियाट १२४ च्या घराण्यातला, तर इंजिन व गिअरबॉक्स जपानच्या निसानचे. म्हणजे सोयरीक जुळते. मात्र ती इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचाही विचार करून जुळवावी लागते. शिवाय ब्रेक आहेतच. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटरने गेल्यास वेग दीडपट होतो, परंतु ब्रेकांनी जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. साडेसहाशे किलोच्या, बारा इंची चाकांच्या गाडीने हा भार कसा पेलावा?

शेवटी कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजीसारख्या इंधनासाठी मान्य संच बसवण्याची वाट त्यात ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडीची तपासणी होते. अपघात झाल्यास विमा कंपनीही दावा नाकारू शकते.

हे सारे मी दादाला वहीवर आकडे मांडून सांगितले. त्याने ते गिऱ्हाइकाला सांगितले. "टर्बो नाही बसवत. कार्बोरेटर साफ करतो, व्हॉल्व्ह बसवून देतो, क्लच पाहतो. गाडी जशी नवी होती तशी पळन." गिऱ्हाईक गाडी घेऊन गेले, ते परत आले नाही.

पत्रे अजून गळतात. पण परवा दादाने ती वही माझ्याकडून मागून घेतली आणि दुकानात पान्यांच्या फळीवर ठेवली. आता कुणी तसे काम घेऊन आले, की तो ती वही काढून सव्वादोनपटीचे गणित स्वतः समजावून सांगतो. आमच्या घरी आलेल्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग, असे मी समजते.

— बी. ए. द्वितीय वर्ष