खाच जुळली, मेमरी जुळली नाही

२०२० च्या जूनमध्ये मुलीची शाळा घरातल्या संगणकावर भरू लागली आणि आमचा दहा वर्षांचा डेस्कटॉप धापा टाकू लागला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि २ जीबी रॅम. तास चालू असताना दुसरं काही उघडलं की बाईंचा आवाज तुटायचा. नवा संगणक घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. रॅम वाढवली तर दोन-तीन वर्षं निघतील, असा हिशोब केला. हिशोब बरोबरच होता, पण मदरबोर्डला काय चालतं हे मी बघितलंच नाही.

"डीडीआर-थ्री आहे ना? मग कुठलीही चालते," असं म्हणत दुकानदाराने ४ जीबीच्या दोन पट्ट्या दिल्या. खाच जुळली, क्लिपा टक्कन लागल्या. बटण दाबलं तर पडदा काळा आणि थांबून थांबून लांब बीप. जुन्या पट्ट्या लावल्या की संगणक सुरळीत सुरू. दुकानदाराने पट्ट्या बदलून दिल्या, तरी तेच. शेवटी त्याने मदरबोर्डवर खापर फोडलं.

मदरबोर्ड ठणठणीत होता. खाचेवरून फक्त पिढी कळते. डीडीआर-टू आणि डीडीआर-थ्री या दोन्हींना २४० पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एकाच पिढीतल्या पट्ट्यांमध्येही फरक असतो आणि तो खाचेवर दिसत नाही. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतचीच मेमरी चिप ओळखता येते. अशा चिपांनी ४ जीबी भरायची तर सोळा लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. मला मिळालेल्या पट्टीवर एकाच बाजूला आठ चिपा होत्या, म्हणजे प्रत्येक ४ गिगाबिटची. घेताना पट्टी नुसती उलटून पाहिली असती तरी पुरलं असतं.

मग सोळा चिपांच्या दोन वापरलेल्या पट्ट्या मिळवल्या. संगणक सुरू झाला, बायोसमध्ये ८ जीबी दिसले. विंडोजमध्ये मात्र सव्वातीनच वापरता येत होते, कारण ती ३२ बिटची होती. तिच्याकडे मेमरीचे पत्तेच ४ जीबीपुरते, आणि त्यातले काही ग्राफिक्स व इतर उपकरणांकडे जातात. म्हणून ६४ बिटची विंडोज टाकायला घेतली. ती दोनदा अर्ध्यात थांबली, तिसऱ्यांदा बसली. तिथेच मी थांबायला हवं होतं. इन्स्टॉलेशन कधी होतं, कधी अडकतं, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यायचा असतो. मी तो हार्ड डिस्कवर घेतला आणि तसाच वापर चालू ठेवला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी आईचे फोटो मोबाइलमधून संगणकावर हलवले आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधून पुसून टाकले. आई त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. पुढे एके दिवशी फोटो उघडले, तर काहींचा वरचा भाग ठीक आणि खाली नुसता करडा पट्टा. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते, आणि घरगुती संगणकाची साधी रॅम तिच्यात झालेली चूक पकडत नाही. बिघडलेलं तसंच डिस्कवर लिहिलं जातं, कुठलीही सूचना येत नाही.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला. काही मिनिटांतच लाल ओळी येऊ लागल्या. एकेक पट्टी वेगळी लावून तपासली, तेव्हा एक निर्दोष निघाली आणि दुसरी सदोष.

म्हणून जुन्या संगणकाला रॅम घेताना आधी चिपसेट कोणता ते बघा. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कॅबिनेट न उघडता ते सांगतं. मग मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत एका स्लॉटला किती जीबी आणि कोणत्या प्रकारची मेमरी चालते ते वाचा. दुकानदाराकडून बदलून देण्याची कबुली बिलावर लिहून घ्या. पट्टी लावताना प्लग काढून सुरू करायचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच पट्टी कडेने धरा. जुन्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळवंडले असतील तर मऊ खोडरबर फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच बीप थांबतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवी पट्टी लावल्यावर विंडोज उघडायच्या आधी मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. सकाळी एकही चूक दिसली, तर ती पट्टी ठेवू नका. एक चूकही जास्तच.

आमचा डेस्कटॉप एका चांगल्या पट्टीवर, ४ जीबीवर, मुलीची दहावी होईपर्यंत चालला. आईचे एकोणीस फोटो मात्र अर्धेच राहिले. कॅबिनेटचा पहिला स्क्रू काढण्याआधी तुमच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत मोबाइलमधलं काहीही पुसू नका.