मसाईंची गुरे आणि विल्डबीस्टची वासरे

मागे या सदरात गोचिडांविषयी लिहिले होते. ते वाचून एका वाचकांनी पत्र पाठवले. रानातल्या जनावरांपासून गुरांना आणि गुरांपासून माणसांना रोग लागतात, तर रान आणि चराई यांच्यामध्ये एकदाचे कुंपण का घालू नये, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी आज थेट पूर्व आफ्रिकेत जातो. रानटी जनावरे, गुरे आणि माणसे एका माळावर राहिली की काय होते, आणि त्यांची ताटातूट केली की काय होते, हे दोन्ही तिथे शंभराहून अधिक वर्षे घडत आले आहे.

केनिया आणि टांझानिया या देशांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना मसाई नावाचे पशुपालक लोक राहतात. गाई, शेळ्या, मेंढ्या हेच त्यांचे धन आणि दूध हे परंपरेने मुख्य अन्न. शिकार करून रानातले मांस खाण्याची रीत त्यांच्यात सहसा नाही. त्यामुळे त्यांच्या गुरांच्या आजूबाजूलाच झेब्रे, हरणे चरत राहिली. याच माळांवर विल्डबीस्ट नावाचा प्राणी लाखोंच्या संख्येने फिरतो. कुळाने तो हरणांच्या जवळचा, पण डोके गाईसारखे आणि शेपूट घोड्यासारखे.

विल्डबीस्टच्या माद्या साधारण जानेवारी ते मार्च या काळात वितात, आणि त्यातही बहुतेक सगळ्या दोन-तीन आठवड्यांच्या आत. यासाठी त्या सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या, आखूड गवताच्या माळावर येतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, चुना आणि स्फुरद यांनी समृद्ध. दूध पाजणाऱ्या मादीला असे गवत सोन्यासारखे. गाईलाही ते तितकेच चांगले, पण नेमक्या याच दिवसांत मसाई आपली गुरे त्या माळावरून हलवतात.

कारण त्या नवजात वासरांजवळ गुरे चरली, तर काही आठवड्यांनी त्यांना ताप भरतो. नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव वाहतो, डोळ्यांवर पांढरट सारा येतो, गाठी सुजतात. लागण झालेल्या शंभर गुरांतले जेमतेम चार-पाच वाचत असतील. पुस्तकात याला मॅलिग्नंट कॅटारल फीवर म्हणतात, आपण विल्डबीस्टचा ताप म्हणू. विल्डबीस्टला स्वतःला काही होत नाही. माणसाला हा रोग लागत नाही आणि एका गाईपासून दुसऱ्या गाईलाही लागत नाही. मसाई समजत की विल्डबीस्टच्या वारेपासून हा रोग येतो. शास्त्रज्ञांना विषाणू सापडला तो वासरांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावात, पहिल्या तीन-चार महिन्यांच्या वयात. वारेची गोष्ट बरोबर नव्हती, पण काळ, जागा आणि उपाय हे तिन्ही बरोबर होते. त्या काळात त्या जागी जाऊ नये, हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे.

मात्र हा उपाय फुकट नाही. गुरे हलवायची म्हणजे डोंगराकडे किंवा झाडीत न्यायची. तिथे गवत निकृष्ट आणि गोचीड फार. त्या भागातले एक गोचीड ईस्ट कोस्ट फीवर नावाचा रोग पसरवते. आपल्याकडे संकरित गाई असलेल्यांना थायलेरियाचा अनुभव असेलच. हा रोग त्याचाच सख्खा भाऊ, आणि त्याचे जंतू रानरेड्यांत वास करून असतात. म्हणजे दरवर्षी मसाई गुराख्याला दोन रोगांमध्ये निवड करावी लागते. गोचिडांचा रोग औषधाने, धुण्याने, आता लसीनेही आटोक्यात ठेवता येतो. विल्डबीस्टच्या तापावर इलाज नाही. म्हणून तो डोंगराची वाट धरतो. मला विचाराल तर कोणताही पशुवैद्यक याहून वेगळा सल्ला देणार नाही.

आता थोडा इतिहास. बुळकांडी हे नाव तरुण शेतकऱ्यांना ठाऊक नसेल, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत या रोगाची लस टोचत मी गावोगाव फिरलो आहे. कालवलेली लस बर्फात ठेवायची आणि काही तासांत संपवायची, म्हणून पहाटेच गोठे गाठावे लागत. ही बुळकांडी १८८७-८८च्या सुमारास आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि ती गुरे भारतातली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकाला पोहोचली. वाटेतल्या दहा गुरांतली आठ-नऊ मेली. रानरेडे आणि विल्डबीस्टही मेले. मसाईंवर त्याच सुमारास गुरांचा फुफ्फुसदाह आणि माणसांत देवीची साथ आली. त्या काळाला ते ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सर्वनाश. १८९२ साली तिथून गेलेल्या ऑस्कर बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाचा अंदाज होता की दोन-तृतीयांश मसाई मेले.

पुढचे अधिक विचार करण्यासारखे आहे. गुरे नाहीत, म्हणून गवत खाल्ले जाईना. माणसे नाहीत, म्हणून माळ जाळून साफ केला जाईना. अनेक ठिकाणी झुडपे माजली आणि त्यांत त्सेत्से माशी आली. ही माशी गुरांना नगाना आणि माणसांना निद्रारोग देते. तिच्या भीतीने लोक तिकडे परतेनात. नंतर आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तो ओसाड मुलूख आदिम अरण्य वाटला. पुढे अशाच काही प्रदेशांत संरक्षित उद्याने झाली.

बुळकांडीवर चांगली लस तयार झाली ती केनियातच, नैरोबीजवळच्या मुगुगा येथे, १९६०च्या सुमारास. वॉल्टर प्लॉराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. विल्डबीस्टच्या तापाचा विषाणूही त्यांनीच १९६० साली वेगळा केला. सेरेंगेटीच्या भोवतालची गुरे टोचली गेली आणि विल्डबीस्टमधली बुळकांडी आपोआप नाहीशी झाली. एकाही विल्डबीस्टला कुणी सुई लावली नव्हती. रोग गुरांकडून रानात जात होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पूर्वी दरवर्षी वर्षभराची वासरे मरत, ती जगू लागली. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. (बुळकांडीचा जगातला शेवटचा ज्ञात रुग्ण म्हणजे केनियाच्या मेरू उद्यानातला रानरेडा, २००१ साली. २०११मध्ये हा रोग पृथ्वीवरून संपल्याचे जाहीर झाले.)

पर्यटकांना आनंद झाला. मसाईंच्या दृष्टीने मात्र विल्डबीस्ट पाचपट झाले, म्हणजे त्यांचा तापही तितक्या जास्त माळावर पसरला. गुरे टोचून घेतली मसाईंनी, वाढ झाली विल्डबीस्टची आणि चांगले गवत गेले मसाईंचे. हा हिशेब कुणी फारसा मांडत नाही.

त्यातच हलायला जागा कमी होत गेली. १९५९ साली सेरेंगेटी उद्यानातून मसाईंना काढून शेजारच्या न्गोरोंगोरो परिसरात वसवले. तेव्हा तिथे आठ हजारांच्या आसपास माणसे होती, पुढे ती लाखाच्या घरात गेली. गुरे त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. माणशी दूध घटले, गुरे विकून मक्याचे पीठ घ्यायची पाळी आली आणि लहान मुलांचे कुपोषण तिथल्या दवाखान्यांचा नित्याचा विषय झाला. २०२२पासून सरकारने तिथल्या कुटुंबांना दूर हांडेनी जिल्ह्यात हलवायला सुरुवात केली, त्यावरून मोठा वाद झाला. केनियाच्या बाजूला निराळेच घडले. सामाईक माळांचे खासगी तुकडे पडले, गहू आला, तारा आल्या. नारोक भागातल्या विल्डबीस्टची संख्या १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत पंचमांशावर आली. गुराख्याचीही डोंगराकडची वाट त्याच तारांनी अडली.

पत्रलेखकांना हवे असलेले कुंपण बोत्सवाना देशाने घालून पाहिले आहे. युरोपला गोमांस विकायचे, तर लाळ्या-खुरकत रानरेड्यांकडून येता कामा नये, म्हणून १९५०च्या दशकापासून तिथे शेकडो मैल तारा ठोकल्या. निर्यात चालली. पण १९८३च्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट त्या तारांशी अडून हजारोंनी मेले. निर्यात करणाऱ्या मोठ्या गोठ्याला कुंपण परवडते. गवतामागे फिरणाऱ्याला ते दुष्काळात गळफास होते.

गुराख्याचे ज्ञान माणसाच्या आरोग्यालाही कसे उपयोगी पडते ते सांगतो. रिफ्ट व्हॅली ताप हा डासांमुळे पसरणारा रोग. डासांची अंडी खोलगट जमिनीत वर्षानुवर्षे सुप्त राहतात आणि मोठ्या पुरानंतर फुटतात. मेंढ्या, गाई गाभडतात, कोकरे मरतात आणि रक्त, वार हाताळणारी माणसे आजारी पडतात. २००६-०७च्या साथीत केनिया, सोमालिया आणि टांझानियात मिळून तीनशेहून अधिक माणसे गेली. साथीनंतर चौकशी झाली, तेव्हा ईशान्य केनियातल्या सोमाली पशुपालकांनी सांगितले की अतिवृष्टी, डासांचे थवे आणि मग कळपच्या कळप गाभडणे, हे त्यांनी सरकारी इशाऱ्याच्या आधीच पाहिले होते. त्यांना कुणी विचारले नव्हते इतकेच.

आपल्याकडे या तापाची साथ आलेली नाही. पण गाय किंवा शेळी गाभडली, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावीच. हा रोग माणसाला महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी देतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरावे. त्या जनावराचे दूध रक्ततपासणी होईपर्यंत वापरू नये, आणि एरवीही कोणतेच दूध न उकळता घेऊ नये. एकाच गोठ्यात महिन्या-दोन महिन्यांत दुसरे जनावर गाभडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आणि घरातल्या कुणाला रेंगाळलेला ताप असेल, तर आपल्या डॉक्टरांना गोठ्यातली ही गोष्ट आवर्जून सांगावी. ती सांगितली नाही, तर डॉक्टर टायफॉइडच शोधत बसतात.